बैलाचं कासू

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १५९८. तंजावर.

उलटं! तीनशेच्या तीनशे कासू उलटी!

मी टांकसाळीत पोचलो तेव्हा घणकऱ्यांनी तांब्याच्या तीनशे चकत्यांवर ठसा मारून ढीग केला होता, आणि सगळे घाम पुसत हसत होते. नव्या राज्याचं पहिलं तांब्याचं नाणं, इकडच्या बोलीत कासू! मी मूठभर उचललं, उन्हात धरलं. 'श्री एकोजी', आमच्या राजांचं नाव — पण आरशात दिसावं तसं. श्री भिंतीकडे तोंड करून उभा, आणि 'जी'ची वेलांटी भलत्याच बाजूला लोंबतेय.

टांकसाळीत नागरी वाचणारा मी एकटा. सांगितलंच नसतं तर? पण नाणं दिवाणात गेलं असतं, मग माझं मुंडकं राहिलं असतं का?

सांगितलं. हवालदार रायाजी इंगळे पाटावरून ताडकन उठले. "कोणी केलं हे?"

सगळ्यांनी वैत्तिलिंगम आसारीकडे पाहिलं. ठसे कोरणारा तोच. चाळीस वर्षं आधीच्या राजांची, नायकांची, नाणी कोरली त्यानं. तो खाली मान घालून उभा.

मीही त्याच्याकडेच पाहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध ६

चूक माझी आहे. इथे लिहून ठेवतो, इथे तरी.

आसारीला आपली अक्षरं येत नाहीत. म्हटलं, ठशावर नाव उलटं कोरावं लागतं, बिचारा गोंधळेल, आपणच सोय करून द्यावी. म्हणून कागदाला तेल लावलं, पालथा केला आणि मागच्या बाजूने अक्षरं गिरवून ती उलटी अक्षरं त्याला दिली. मोठा शहाणा मी! आणि तो चाळीस वर्षांच्या सवयीने जे दिसेल ते उलटं करूनच कोरतो. माझं उलटं त्याने उलटं केलं. ठशावर सुलटं झालं, तांब्यावर पुन्हा उलटं.

हवालदारांनी त्याला फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. परवा.

मार्गशीर्ष शुद्ध ७

ताप आल्याचं कळवून घरी बसलो. ताप नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ८

बायकोला, आवडाला, काल सगळं सांगितलं. ती भात कालवत होती, तिचा हात थांबला. "म्हणजे चूक तुमची, आणि पाठ त्याची?"

मी म्हटलं, "अगं, मी या टांकसाळीत दोन भाषा येतात म्हणून आहे. मराठ्यांच्या वकिलाबरोबर नायकांच्या दरबारी कारकून म्हणून आलो त्याला अकरा वर्षं झाली. मराठ्यांना वाटतं मी तमिळ झालो, तमिळांना वाटतं मी मराठ्यांचा हेर. माझ्या बाजूने कोण आहे?"

"मी होते," ती म्हणाली. होते!

आज सकाळी गेलो. आसारीला खांबाला उभा केलेला. मी सगळ्यांसमोर आसारीच्या हत्यारांतून तेलाचा कागद काढून हवालदारांपुढे ठेवला आणि बोललो. जीभ लटपटत होती, पण बोललो. इंगळ्यांनी कागद उन्हात धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "पंत, फटके मारले तर तुम्ही मराल, आणि मला दुसरा दुभाषी मिळायचा नाही. भट्टीपुढे बसा. तीनशे कासू स्वतःच्या हातांनी वितळवा."

वितळवली. जानव्यापर्यंत घाम. घणकरी पोट धरून हसत होते. हसोत!

दुपारी आसारी शेजारी येऊन बसला. "सामी, मला ठाऊक होतं. तुमचा कागद माझ्याकडेच होता ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा शब्द आणि माझा शब्द. तराजूत कोणाचा जड?"



मार्गशीर्ष शुद्ध १३

सुलटा नमुना द्यायला आसारीच्या घरी गेलो. न सांगता गेलो, हीच चूक की हेच नशीब!

ओसरीवर आसारी भिंतीला हात लावून बसलेला. आणि ठसा मांडीत धरून बसली होती त्याची मुलगी वडिवू. तीस वर्षांची असेल, विधवा, पांढरं नेसलेली. हातात टाकी. मला बघून उठली नाही, टाकी लपवलीही नाही. लपवून काय उपयोग, लोखंडाचा कीस तिच्या मनगटापर्यंत!

आसारीला हातातल्या ठशावरचंही दिसत नाही. तीन वर्षं झाली. तीन वर्षं ठसे हीच कोरतेय.

"हवालदारांना सांगणार?" तिनं विचारलं. कळलं तर आसारीचं वतन जाईल, कम्माळांच्या, म्हणजे या कारागिरांच्या, गल्लीतली आठही घरं मोकळी करावी लागतील. टांकसाळीत बाईचा हात, तोही विधवेचा!

मी म्हटलं, "मी आजवर एकदाच खरं बोललो, त्यातच हात भाजले."

ती हसली. मग माझा कागद पुढे धरून, "सामी, तुमची अक्षरं अशी दोरीवर वाळत घातल्यासारखी का हो असतात?"

घरी येईपर्यंत हसत होतो. जन्मभर लिहितोय, कधी दोरी दिसली नव्हती!

मार्गशीर्ष वद्य २

सुलटं नाणं पडलं! स्वच्छ, टच्च, श्री आपल्या जागी. दुसऱ्या बाजूला 'राजे'. इंगळ्यांनी पाठीवर थाप मारली, अजून दुखतेय.

मार्गशीर्ष वद्य ६

बाजारात कोणी घेत नाही.

मेलवीदी रस्त्याच्या कोपऱ्यावर काळियायी पालेभाजी विकते. तिच्यापासून सुरुवात करावी म्हटलं. तिनं घेतलं की अख्खा बाजार घेतो, तिनं टाकलं की कुत्रं हुंगत नाही. मी दोन जुड्या अळू उचललं, कासू दिलं. तिनं डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पालथं केलं.

"हे काय? तांब्यावर मुंग्या बसवल्यात?"

"नव्या राजांचं नाव आहे, आच्ची."

"आणि मागे?"

"तेही अक्षर."

"म्हणजे दोन्हीकडे मुंग्या! देव कुठाय? नायकाच्या कासूवर देव असायचा. वाचता येत नव्हतं तरी पाया पडता येत होतं." आणि माझ्या हातातल्या जुड्या काढून घेतल्या. अळूसुद्धा दिलं नाही!

पलीकडे सराफ शोक्कलिंग चेट्टी आपल्या गादीवर विडा चघळत बसला होता. मोठ्यानं म्हणाला, "सामी, राग मानू नका. पाहुण्याच्या नावाचा घडा कोणी घडवतं का? पाहुणा पावसापर्यंत थांबतो की नाही ते बघू."

बाजार हसला. पाहुणा म्हणजे आमचे राजे.

मार्गशीर्ष वद्य ९

इंगळ्यांचं म्हणणं — शिपाई पाठवतो, घेणार नाही त्याचं दुकान उलथवतो. मी म्हटलं, दुकान उलथलं तर विकणार कोण आणि घेणार कोण? त्यांनी शिपाई थांबवले, पण मुदत घातली. माघी पौर्णिमेला कुंभकोणमला माशीमगाची जत्रा. चोळमंडळातला सगळा माणूस तिथे नहायला येतो. तिथे नाणं चाललं तर ठीक. नाही तर टांकसाळ चेट्टीला मक्त्याने. त्याने म्हणे बोलीही लावून ठेवली आहे. तो स्वतःचे कोरणारे आणणार. म्हणजे आसारीची गल्ली गेली. आणि मीही.

पौष शुद्ध १

वडिवूकडे गेलो. काळियायीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल.

ती म्हणाली, "बरोबर बोलली ती. एका बाजूला तुमच्या राजाच्या मुंग्या राहू द्या. दुसरी बाजू आमची."

"देव कोरणार? कुठला? एकाचा कोरला तर दुसरा पंथ रुसेल."

आसारी भिंतीकडून म्हणाला, "देव नको. देवाचा बैल. मोठ्या देवळातला, कोविलातला. त्याच्यावर कोण रुसेल?"

वडिवूनं खडूनं पाटीवर चार रेघा ओढल्या. वशिंड, मान, दुमडलेला पाय. चार रेघा! आणि बैल बसला! कान जरा टवकारलेला, हाक मारली तर वळून बघेल असा.

पौष शुद्ध ३

इंगळे — "सरकारांनी नाव सांगितलं आहे, जनावर नाही. मी परवानगी देणार नाही."

"मग मी मागू का वरून?"

"मागा. मान तुमची."

नमुना पाडला, मेणात बसवला, सोबत अर्ज. अर्जात पूर्ण वजनही नोंदवलं, किती गुंजा ते. वडिवू म्हणाली होती, "वजन लिहाच सामी. लिहिलेलं वजन कोणाला चोरता येत नाही." आसारीच्या पोरीला कचेरी माझ्यापेक्षा जास्त कळते.

पौष शुद्ध ८

उत्तर नाही.

पौष शुद्ध १०

उत्तर नाही. आवडानं दही-भात पुढे ठेवला, तसाच राहिला.

पौष शुद्ध १२

आला! अर्ज परत आला! कोपऱ्यात एकच शब्द — 'करावे', आणि वर शिक्का. धावत कम्माळांच्या गल्लीत गेलो, पागोटं वाटेत सुटलं, हातात धरून धावलो. लोक म्हणाले असतील, पंताच्या घराला आग लागली. वडिवूला शब्द दाखवला. तिनं बोटानं अक्षरं चाचपली. "या मुंग्या बऱ्या दिसतात," म्हणाली.

पौष वद्य २

संक्रांत. आसारीकडून गुळाचा पोंगल आला, आवडानं तिळगूळ धाडला. ठसा तयार आहे.

पौष वद्य ७

इंगळे आज फार गोड बोलत होते, तेव्हाच ओळखायला हवं होतं. "पंत, कासूमागे एक गुंज तांबं कमी घातलं तर कोणाला कळतंय? जत्रेच्या गर्दीत?"

मी म्हटलं, "काळियायीला कळेल."

"कोण काळियायी?"

"भाजीवाली."

ते लाल झाले. मग मी परत आलेला अर्ज पुढे ठेवला, वजनाच्या ओळीवर बोट ठेवलं. वर शिक्का आहे. आता गुंज कमी म्हणजे शिक्क्यातून कमी. इंगळ्यांनी ती ओळ बोटानं पुसून पाहिली. मग अचानक खदखदून हसले. "पंत, तुम्ही दिसता त्यापेक्षा वाईट आहात!"

त्यांच्या तोंडून ही स्तुतीच समजायची.

माघ शुद्ध १३

बैलगाडीने कुंभकोणमला निघालो. दोन पोती कासू. इंगळे घोड्यावर, आसारी आणि मी गाडीत, वडिवू मागे पाय सोडून बसलेली. आसारी म्हातारा, गर्दीत कोणी तरी त्याचा हात धरायला हवा, असं तिच्या येण्याचं कारण सांगितलं. खोटं नाही. पण खरं हे की ठसाही बरोबर आहे, त्याला काही झालं तर दुरुस्त करणारी तीच.

वाटभर भातशेती. आसारी वासावरून सांगत होता, आलं ना अय्यमपेट्टै? आलंच होतं.

माघ शुद्ध १५, कुंभकोणम

आजचा दिवस सगळा लिहून काढणार. हात दुखला तरी चालेल.

महामगाच्या तळ्यावर माणूसच माणूस. पायऱ्यांवर ओली लुगडी, कापूर, चिंचेच्या भाताच्या टोपल्या, फुलांचे ढीग. आम्ही मंडपाशेजारी घोंगडी अंथरून नव्या कासूंची रास मांडली. पहिला प्रहर — कोणी फिरकेना. लोक यायचे, बैल बघायचे, "बरा आहे रे" म्हणायचे आणि सराफांच्या रांगेकडे जायचे. तिथे पहिल्याच गादीवर शोक्कलिंग चेट्टी. तंजावराहून खास आला होता आमचं नाणं पाडायला. तो सगळ्यांना एकच सांगत होता, "तीन नवी द्या, एक जुनं घ्या. उद्या तेही देणार नाही."

एका म्हाताऱ्यानं चार नवी कासू घेतली होती, ती परत आणून आमच्या घोंगडीवर ठेवली. हात जोडून ठेवली, शिवी दिल्यासारखी नाही. त्यानंच जास्त लागलं.

इंगळे घोड्यावरून उतरले. "संध्याकाळपर्यंत, पंत. मग किल्ली चेट्टीच्या हातात." त्यांचे शिपाई काठ्या घेऊन सराफांकडे निघाले, तर मी आडवा झालो. खरोखर आडवा, दोन्ही हात पसरून! "हवालदारसाहेब, काठीने चाललेलं नाणं काठी गेली की थांबतं." मला कुठून सुचलं ठाऊक नाही. आसारी माझ्या धोतराचा सोगा धरून उभा होता, त्याला वाटलं मला मारताहेत.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन काळियायी. ती दरवर्षी येते जत्रेला. पाटी उतरवली. "काय तमाशा चाललाय? दाखव तो बैल."

कासू दिलं. तिनं वास घेतला. जिभेला लावलं. तळहातावर वर-खाली झेललं. मग म्हणाली, "आसारी, छिन्नी दे."

वडिवूनं कमरेची छिन्नी काढून दिली. काळियायीनं कासू दगडावर ठेवलं, वर छिन्नी, छिन्नीवर दुसरा दगड हाणला — एकदा, दोनदा — खण्! कासूचे दोन तुकडे. तिनं तुकडा उचलून उन्हात धरला. आतून लाल. कडेपासून कडेपर्यंत लाल, पिकल्या चिंचेसारखं.

"चेट्टी!" तिचा आवाज तळ्याच्या पलीकडे गेला असेल. "तुझ्याकडचं नायकाचं एक दे."

"कशाला?"

"पाया पडायला! दे म्हणते ना."

माणसं जमली होती. नाही म्हणता येईना. चेट्टीनं नायकांच्या शेवटच्या वर्षांतलं एक दिलं. पुन्हा छिन्नी, पुन्हा दगड. तुकडा वर धरला. मध्ये राखाडी. शिसं! पाव भाग तांबं, बाकी शिसं!

मग कोणी तरी हसलं. मग सगळा घाट.

काळियायी म्हणाली, "आयांनो, नवा राजा राहील की जाईल मला ठाऊक नाही. राजे येतात, जातात, मी भाजी विकते. पण हा बैल आतून बाहेरून एकच आहे. मी घेणार. ज्याला माझी भाजी हवी त्यानं बैल आणावा."

आणि बसली पाटी मांडून.

काय सांगू! हळदवाली आली, फुलवाली आली, तेलवाला आला. दुपारपर्यंत घोंगडीभोवती इतकी गर्दी की आसारीला मी मांडीवर घेतल्यासारखा बसवला होता. आणि नाव! कोणी 'राजांचं कासू' म्हणेना, कोणी 'एकोजी' म्हणेना. "माडुकासू द्या! माडुकासू!" बैलाचं कासू! एक पोतं संपलं. दुसरं अर्धं. लोक बैलावर हळदीचं बोट लावून कनवटीला खोचत होते.

उन्हं उतरली तेव्हा चेट्टी स्वतः आला. उपरणं नीट केलेलं, चेहरा गोड. "सामी, गिऱ्हाईक माडुकासूच मागतंय. उरलेलं सगळं मला द्या."

मी म्हटलं, "तीन जुनी द्या, एक नवं घ्या!"

आसारी इतका हसला की त्याला ठसका लागला. वडिवूनं पाणी पाजलं. तीही हसत होती, तोंडावर पदर न घेता.

मग दिलं चेट्टीला. एकास एक. त्यानंही घेतलं. आता तोच आमचं नाणं फिरवणार, चोळमंडळभर. वैऱ्यानं खांद्यावर घेतलं म्हणजे पालखीच की!

माघ वद्य ३, तंजावर

टांकसाळीच्या अंगणात आज आसारीचा सत्कार. इंगळ्यांनी जरीचं पागोटं आणवलं होतं. कम्माळांची आठही घरं आली, काळियायी आली, आवडाही आली. इंगळे आसारीच्या डोक्यावर पागोटं ठेवायला पुढे झाले. आणि म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला.

"नको, अय्या. हे माझं नाही."

मी मान हलवत होतो, नको बोलू, नको बोलू. पण त्याला माझी मान कुठली दिसायला!

"माझे डोळे गेले, त्याला तीन वर्षं झाली. बैल माझ्या मुलीनं कोरला. तुमच्या राजाचं नावही तिनंच. मी फक्त भिंतीला टेकून बसतो. काय शिक्षा करायची ती करा. पण दुसऱ्याच्या हाताचं पागोटं घालून मी मरणार नाही."

इंगळ्यांच्या हातात पागोटं तसंच. त्यांनी वडिवूकडे पाहिलं. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, मनगटावर लोखंडाचा कीस. ती ताठ उभी होती, बापासारखी मान खाली घालून नाही. मग इंगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पंत, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हटलं. या वेळी जीभ लटपटली नाही.

"मग आता बघताय काय नुसते?" काळियायी मागून ओरडली. "डोकं बदला, पागोटं तेच आहे!"

इंगळे हसले नाहीत. दोन पावलं चालले. जरीचं पागोटं उलगडलं — अख्खं, हातभर हातभर — आणि शेल्यासारखं वडिवूच्या खांद्यांवर घातलं. विधवेच्या खांद्यांवर, भर अंगणात, जरी! म्हणाले, "टांकसाळीचं वतन आजपासून हिच्या नावे लिहा, पंत."

लिहिलं. माझं अक्षर आज फार सुंदर आलं. दोरीवर वाळत घातल्यासारखं.

माघ वद्य ११

दिवसभर घणांचा आवाज. पाच ठसे झिजले, सहावा कोरणं चालू. आवडा म्हणते, झोपेतही माझं बोट हलतं, मोजल्यासारखं.

फाल्गुन शुद्ध ९

त्रिचनापल्लीच्या बाजारात माडुकासू चाललं! तिथून आलेल्या विणकरानं सांगितलं. इंगळ्यांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. मी दोन खाल्ल्या, तिसरी आवडासाठी आणली.

फाल्गुन वद्य ६

भागानगराहून जासूद आला. आमच्या राजांचे थोरले बंधू, रायगडचे छत्रपती, मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरताहेत. वडिलांच्या दौलतीतला वाटा मागायला. टांकसाळ बंद ठेवायचा हुकूम. घण थांबले. नवव्या ठशावर बैल पुरा झाला आहे, नावाची बाजू कोरी.

वडिवूनं टाकी हातात धरूनच विचारलं, "सामी, कोणाचं कोरू?"